चिकूच्या पेटीतली शिदोरी

चारोटीच्या नाक्यावर, टायरच्या दुकानाच्या माडीवर माझं ऑफिस आहे. दोन खोल्या, एक पंखा, खाली दिवसभर हॉर्न. तिथे बसून मी जगभर माल पाठवते. हे मी जरा छाती फुगवूनच सांगते, कारण लोक विचारतात, "चारोटीला? तिथे तर माणसं चहाला थांबतात." थांबू देत की! तुमचा चहा पिऊन होईपर्यंत माझा माल कुठल्या तरी बंदराच्या रस्त्याला लागलेला असतो.

तलासरीच्या कारखान्यांतलं रबरी सामान, डहाणूची फळं, कधी वारली चित्रांच्या गुंडाळ्या, जे येईल ते. कोणता माल ट्रकने न्यायचा, कोणता रेल्वेला द्यायचा, कशाला जहाज परवडतं आणि कशाला विमानाशिवाय गत्यंतर नाही, हे ठरवणं माझं काम. मध्ये कुठेही माल अडला तर शिव्या खाणंही माझंच काम. शिव्या मी खाते, पण परत देतेही. माझा स्वभाव तापट आहे. सासरी आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोरगी चांगली आहे, फक्त तोंडाला झाकण नाही." ते अजून सापडलेलं नाही.

सासर डहाणूच्या समुद्राकाठचं. चिकूची वाडी. आमच्या गावाचा चिकू आजे-सासऱ्यांच्या काळापासून रेल्वेने दिल्लीकडे जायचा. अलीकडे थोडा विमानाने आखातातही जायला लागला, पण तो मुंबईच्या एका व्यापाऱ्यामार्फत. त्याच्या पेटीत, त्याच्या नावाने. झाडं आमची, पाणी आमचं, काठीला जाळी बांधलेला झेला घेऊन मान वर करकरून फळं उतरवणार आम्ही, आणि तिकडे दुबईतला माणूस चिकू खाऊन म्हणणार, वा, मुंबईचा माल! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

म्हणून मी गावातल्या वाडीवाल्यांना गोळा केलं आणि सांगितलं की आपण आपला माल जहाजाने पाठवू. एक अख्खा थंडगार कंटेनर. आपल्या पेटीत. पेटीवर मोठ्या अक्षरांत डहाणू.

सगळे हसले. चिकू म्हणजे काय लोखंड आहे? झाडावरून उतरवला की चार-पाच दिवसांत मऊ पडतो. जहाजावर पिकला तर तिकडे लगदा उतरेल. एक काका म्हणाले, "सूनबाई, चिकूला समुद्र दाखवायचा तर आमच्या वाडीतूनही दिसतो." हसा म्हटलं, हसा. मी तिकडचा खरेदीदार शोधला. केरळचा माणूस, दुबईत फळांचं मोठं दुकान. त्याने स्वच्छ सांगितलं: एक कंटेनर घेतो. फळ कडक उतरलं तर पुढच्या हंगामात दर पंधरवड्याला घेईन. मऊ उतरलं तर पुन्हा तुमचं नाव काढायचं नाही, मी आपला विमानाचा माल घेईन, मुंबईच्या पेटीतला.

म्हणजे संधी एकच होती. गावाने शेवटी माझ्या शब्दावर माल द्यायचं कबूल केलं. रोज ज्यांच्या अंगणातून जायचं, त्या माणसांचा माल होता तो.

झाडावरची कडक, पण भरलेली फळं तेवढी उतरवायची, हे ठरलं. मोठा ट्रेलर आमच्या वाड्यांच्या गल्ल्यांत शिरत नाही, वळणावर विजेच्या तारांनाच अडकतो. म्हणून वाडीतून टेम्पोने चारोटीच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये, शेडमध्ये धुऊन, निवडून, पेट्या भरून कंटेनरमध्ये, कंटेनर ट्रेलरवरून न्हावा-शेवाला, तिथून जहाज, तिकडे पुन्हा ट्रक. मी शेडच्या दारात उभी राहून सगळ्यांना एकच गोष्ट घोकून घोकून सांगितली. पिकलेलं फळ इथे दिसता कामा नये. एक पिकलेलं फळ बंद डब्यात राहिलं की त्यातून वायू सुटतो, तो शेजारच्या फळाला पिकवतो, ते त्याच्या शेजारच्याला, आणि पोहोचेपर्यंत सगळा डबा पिकतो. पेट्या भरणाऱ्या बायकांना सांगितलं, टेम्पोवाल्यांना सांगितलं. एकीने डब्यात आणलेलं केळंही मी बाहेर काढायला लावलं. ती बिचारी उन्हात उभी राहून खाऊन आली.

सासूबाई तिथेच खुर्ची टाकून बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या बाई, पण निवडायला बसल्या की हाताला डोळे. मी बोलत होते तेव्हा त्याही मान हलवत होत्या. अगदी पटल्यासारखी.

दुपारी कंटेनर भरला, दार लागलं, मी माझ्या हाताने सील ठोकलं आणि ट्रेलरच्या पुढे माझ्या स्कूटरवरून चारोटीला आले. कागद ऑफिसात होते. ड्रायव्हर तलासरीकडचा, शांत माणूस, वर्षानुवर्षं बंदराची फेरी मारणारा. त्याला म्हटलं, चहा घे, मी कागद आणते. संध्याकाळी बंदराचं दार बंद व्हायच्या आधी आत जायचं होतं, नाहीतर जहाज चुकणार. वेळ होता, फार नव्हता.

आणि फोन वाजला. सासूबाई.

"पोहोचलीस का गं?"

"हो आई. आता निघेलच गाडी."

"निघू दे, निघू दे. काळजी करू नकोस. मी शिदोरी घातलीय."

माझ्या हातातले कागद तसेच राहिले. आमच्याकडे रीत आहे. हंगामाचा पहिला माल गावाबाहेर निघाला की त्यात झाडावर पिकलेला एक चिकू ठेवायचा. केळीच्या पानात गुंडाळून, वर कुंकवाचं बोट. माल लांब चाललाय, रिकाम्या पोटी कसा पाठवायचा? ती त्याची शिदोरी. दिल्लीच्या टोपल्यांत ती वर्षानुवर्षं गेली. त्याने काही बिघडायचं नाही, उलट दिल्लीला उतरेपर्यंत माल जरा पिकायला लागलेलाच बरा असायचा.

"आई," मी म्हटलं, "मी सकाळपासून काय बोंबलत होते? पिकलेलं फळ नको म्हणून?"

"अगं, ते मालाबद्दल बोलत होतीस तू. शिदोरी काय माल आहे?"

घ्या! पालथ्या घड्यावर पाणी. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. खालचा टायरवाला वर बघायला लागला, एवढं पुरे. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कुठल्या पेटीत ते फोनवर कसं सांगू? येते मी." फोन बंद.

मी खाली आले. ड्रायव्हरला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, एक चिकू आहे. एवढ्या पेट्यांत एक. जाऊ द्या. सील तोडलं तर बंदरावर दहा प्रश्न विचारतील, आणि वेळ गेला तर जहाजच जाईल."

त्याचं चूक नव्हतं. कदाचित एका चिकूने काही झालंही नसतं. पण 'कदाचित' या शब्दावर मी गावाचा माल समुद्रात ढकलायला तयार नव्हते. उद्या तिकडे दार उघडल्यावर गोड वास आला, तर मी कुठल्या तोंडाने त्या अंगणांतून जाणार होते? आणि त्या हसणाऱ्या काकांना काय सांगणार होते, की बाबांनो, जहाज चांगलं होतं, हवा थंड होती, पण आमच्या घरच्याच शिदोरीने घात केला?

बंदरावरच्या आमच्या माणसाला फोन लावला. तो ओरडला. मीही ओरडले. शेवटी ठरलं, नवं सील लावायचं, त्याचा नंबर लगेच कळवायचा, तो कागद बदलून ठेवेल, पण गाडी वेळेत हवी. माझ्याकडे जादा सील होतं. मी नेहमीच ठेवते.

ट्रेलर टायरवाल्याच्या छपराच्या सावलीत मागे घेतला. तेवढ्यात डहाणूहून कासा गावाकडे जाणारी जीप थांबली आणि पुढच्या सीटवरून सासूबाई उतरल्या. हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर, चेहरा असा की जणू लग्नाला आल्यात. उतरल्या उतरल्या आधी नाक्यावरून दिसणाऱ्या महालक्ष्मीच्या डोंगराकडे वळून हात जोडले. मग माझ्याकडे बघितलं.

"झालं ओरडून?"

"नाही अजून," मी म्हटलं. "कुठल्या पेटीत?"

"दाराजवळच्या रांगेत. खालून की वरून, ते आठवत नाही. तू बघत होतीस ना, घाईघाईत घातली."

म्हणजे चोरून घातली होती! मला रागही आला आणि हसूही यायला लागलं, ते मी दाबलं.

सील तोडलं. दार उघडल्याबरोबर थंड वाफ अंगावर आली. दाराजवळची रांग उतरवायला घेतली. ड्रायव्हर आत, मी खाली, टायरवाला मध्ये, आणि समोरच्या चहावाल्या बाई स्टोव्ह बारीक करून आल्या. पेटी उतरवायची, झाकण उघडायचं, बघायचं, बंद करायची, सावलीत ठेवायची. पिकलेल्या चिकूचा वास सहज येतो म्हणतात, पण त्या गारठ्यात कशालाच वास नव्हता. हायवेवरून जाणारे लोक गाड्या हळू करून बघत होते. एकाने विचारलं, कसे दिले? मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने गाडी पुढे काढली.

सासूबाई एका पेटीवर बसून प्रत्येक उघडलेल्या पेटीत डोकावत होत्या. "ही नाही. ही पण नाही. बघ, फळ कसं एकसारखं निवडलंय मी." त्या क्षणीही कौतुक! आणि खरं सांगू, होतंच ते तसं. एकेक फळ कडक, तपकिरी, वरची भुकटी पुसलेली. माझे हात गारठले होते, घड्याळ पळत होतं, आणि तरी त्या पेट्या बघून माझा ऊर भरून येत होता. झाकणावर डहाणू, डहाणू, डहाणू.

सापडली. जवळजवळ शेवटी. केळीचं पान, वर कुंकू, आत मऊ, बोट लावलं तर दबणारा चिकू.

मी तो वर धरला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून घेतला. चेहरा पहिल्यांदाच जरा उतरला होता. "मला मेलीला काय ठाऊक, वायूबियू," त्या म्हणाल्या. "पण रिकामं कसं पाठवू गं? आपल्या नावाचं पहिल्यांदा चाललंय."

माझं तोंड, झाकण नसलेलं, आपोआप मिटलं. मला माझ्या नावाची, माझ्या शब्दाची काळजी पडली होती. त्यांना पेटी उपाशी जाते याची. दोघींचं भांडण एकाच पेटीवरून चाललं होतं.

त्या हार मानणाऱ्यातल्या मात्र नाहीत. पदर सारखा केला आणि तो चिकू ड्रायव्हरच्या हातावर ठेवला. "घे रे बाबा. शिदोरी चालवणाऱ्याचीच असते. माल काय, बसून जातो."

ड्रायव्हरने तिथेच दोन घासांत खाल्ला. बिया खिशात टाकल्या. म्हणाला, "आजी, आता पोहोचवतोच." आम्ही पेट्या पटापट चढवल्या, दार लावलं, नवं सील ठोकलं, नंबर कळवला. ट्रेलर मुंबईच्या दिशेला वळला तेव्हा चहावाल्या बाईंनी सगळ्यांना चहा दिला. सासूबाईंनी बशीत ओतून घेतला आणि मला म्हणाल्या, "साखर कमी आहे." बाईंनी चमचाभर आणून घातली.

गाडी वेळेत आत गेली. जहाज मिळालं. मग नुसती वाट बघणं. ते दिवस मी कसे काढले ते माझ्या नवऱ्याला विचारा, त्याने घरात दबकत वावरून काढले.

आणि एका सकाळी तिकडून व्हिडिओ आला. गोदामात कंटेनरचं दार उघडतंय. पहिली पेटी खाली येते. तो केरळचा माणूस एक चिकू उचलून टेबलावर ठोकतो. टक. पुन्हा ठोकतो. टक. मी तो व्हिडिओ शेडमध्ये नेऊन सगळ्यांना दाखवला. हसणाऱ्या काकांनी तीनदा बघितला. मग म्हणाले, "आवाज वाढव जरा." त्या एका टक आवाजासाठी गाव माझ्या फोनभोवती जमलं होतं. मी रडले. लपवून नाही, चांगली पदर डोळ्याला लावून रडले. आमचा चिकू आमच्या नावाने समुद्र ओलांडून गेला होता आणि ताठ उतरला होता!

पुढच्या हंगामाच्या तोंडावर तो माणूस स्वतः वाडी बघायला आला. मुंबईपर्यंत विमान, तिथून रेल्वेने डहाणू, मग रिक्षा. दारात रिक्षा थांबली तेव्हा मी ओसरीवरच होते. त्याच्या मांडीवर एक पेटी होती, सुतळीने बांधलेली, कोपरे चेपलेली. वर मोठ्या अक्षरांत डहाणू.

आमचीच पेटी. टेम्पोने, ट्रेलरने, जहाजाने गेलेली, आणि विमानाने, रेल्वेने, रिक्षाने परत आलेली.

त्याने ती सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी सुतळी सोडली. आत काठोकाठ खजूर. मी म्हटलं, अहो, एवढं कशाला? तो मोडक्या हिंदीत म्हणाला की तुमच्या घरून भरून आलेली पेटी, ती रिकामी कशी परत आणायची?

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन करत नाही, प्रत्येक सुनेने ती कधी ना कधी पाहिलेली असते. "ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "तिकडेसुद्धा कळतं."

मग त्यांनी पेटीतला पहिला खजूर उचलला. मला वाटलं देवापुढे ठेवतील, नाहीतर पाहुण्याला देतील. त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या उतरल्या, आणि दारात थांबलेल्या रिक्षावाल्याच्या हातावर तो ठेवला.