दोन सीटची हिरवी गाडी

कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या ताईने बनवलेली एक कवळी त्या आठवड्यात डॉक्टरांकडून परत आली. दात एका छटेने पिवळे निघाले होते. शेजारच्या टेबलावरची सहकारीण म्हणाली, "ताई, लक्ष कुठंय तुमचं?"

लक्ष होतं लॅबसमोरच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात. तिथे एक हिरवी स्पोर्ट्स कार उभी होती. दोनच सीट, कापडी छत मागे दुमडलेलं. सोमवारी ताई काचेबाहेर नुसती थांबली. मंगळवारी स्टिअरिंगवर हात ठेवून आली. बुधवारी आत बसली, पण गाडी इतकी ठेंगणी की उठताना दुकानदाराने हात दिला.

"होईल सवय," तो म्हणाला.

"मला होईल हो. गुडघ्यांचं काय?"

ताई त्रेपन्न वर्षांची. लग्न राहून गेलं. घरात आई, धाकटा भाऊ, वहिनी आणि दोन भाच्या. घरची पाच सीटची गाडी ताईच्या नावावर, आणि ती चालवायचीही ताईनेच. आईला दवाखान्यात, भाच्यांना पोहायला, वहिनीला स्टेशनवर. भावाकडे लायसन्स होतं, पण "ताईचा हात चांगला बसलाय" म्हणून त्याने कधी चावीला हात लावला नव्हता.

गुरुवारी जेवताना तिने विषय काढला.

"दोनच सीट?" भावाचा घास हातातच राहिला. "मग आपण सगळे जायचं कसं?"

"सगळे नाही. मी जाईन."

"कुठे?"

ताईने आमटी वाढून घेतली. वहिनीने उगाच विचारलं, "मीठ हवंय का कुणाला?" आई म्हणाली, "या वयात वारं लागलंय हिला."

त्यानंतर ताईचा पाय घरात ठरेना. आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं. वाण्याकडे गेली आणि काय आणायचं तेच विसरून रिकाम्या हाताने परतली. दुकानदाराला फोन लावायची आणि त्याने उचलायच्या आत ठेवून द्यायची.

शनिवारी ताई ती हिरवी गाडी घरच्या गाडीच्या मेकॅनिकला दाखवायला घेऊन गेली. हा माणूस शब्दांचा कंजूष. त्याने ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला, तर खालून ओला. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तो पत्र्यात आरपार गेला.

"छताची शिवण गेलीय. पाणी झिरपून पत्रा कुजलाय. नका घेऊ."

घरी येऊन तिने हे सांगितलं तसा भाऊ हसला. "सुटलो बुवा! बरं, उद्या आधी मुलींना सोड, मग आईला मावशीकडे ने."

त्या 'सुटलो'ने ताईच्या डोक्यात तिडीक गेली. चहाचा कप तसाच ठेवून तिने मेकॅनिकला फोन लावला.

"कुजलेला पत्रा कापून नवा जोडता येतो ना?"

"येतो. पण एवढा खटाटोप कशाला?"

"दात किडले म्हणून कुणी तोंड फेकून देत नाही."

बारा वर्षांच्या ओळखीत मेकॅनिक पहिल्यांदा मोकळेपणी हसला. म्हणाला, "आणा."

ताईने गाडी विकत घेऊन त्याच्याकडे सोडली. पत्रा नि छत व्हायला सहा आठवडे गेले. गाडी हातात आली त्या दिवशी ताई छत उघडून एकटीच निघाली. वस्ती संपली, गोदामं संपली. कानात वारा नुसता घोंघावत होता. एका वळणावर थांबून ती पाणी प्यायली. इथवर आले, आता पुढे काय, हे काही सुचेना. मग तशीच पुढे गेली.

परतल्यावर तिने जुन्या गाडीची चावी भावासमोर ठेवली. "शुक्रवारी आईची तपासणी आहे. तू न्यायचंस."

"मी? अगं, मला सवय नाही."

"होईल."

शुक्रवारी भावाने गाडी मागे घेताना फाटकाच्या खांबाला घासली, आणि आई दवाखान्यात तासभर उशिरा पोचली. लॅबमध्ये भावाचा फोन वाजू लागला, तेव्हा ताईच्या हातातल्या मेणात समोरचा दात अर्धवट बसला होता. तिची नजर दोनदा फोनकडे गेली. पण आधी तिने दात सरळ केला, हात पुसले आणि मग फोन उचलला.