गहिनीनाथनं आरसा वाकवला

सुप्याच्या एमआयडीसीत त्या सकाळी आम्ही नऊ ड्रायव्हर रांगेत उभे होतो आणि जागा एकच होती. एजन्सीचं काम असं, की ट्रेलर कंपनीचा, माल कंपनीचा, ड्रायव्हर एजन्सीचा. पण काम बारमाही, आणि आमच्या गल्लीतल्या गहिनीनाथला बारमाहीच हवं होतं. दरवर्षी दसरा झाला की पाथर्डीकडचं आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. गहिनीनाथ उसाच्या ट्रॅक्टरवर, बायको केशरबाई तोडीला, आणि पोरगी निकिता शाळा सोडून त्यांच्या मागं. औंदा निकिता दहावीला होती. दसरा बारा दिवसांवर आला होता.

त्याला तिथं नेलं मी. खरं सांगायचं तर मी स्वतःसाठी गेलो होतो, माझ्या लेखी तो आपला सोबतीला. बावीस वर्षं ट्रक चालवलाय मी. ट्रॅक्टरवाला काय ट्रेलर हाकणार, असा माझा तोरा.

परीक्षा एवढीच, की चाळीस फुटी ट्रेलर रिव्हर्समध्ये दोन खांबांच्या मधे लावायचा. ट्रेलर मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि ट्रकच्या सवयीचे हात ऐकत नाहीत. मी खांबाला धडकलो. माझ्या आधीच्या सातांनीही काही दिवे लावले नव्हते, म्हणून जरा बरं वाटलं.

मग गहिनीनाथ चढला. रिव्हर्स टाकला, दार उघडलं आणि अर्धा बाहेर लोंबकळत मागं बघू लागला. ट्रॅक्टरवर असंच वळून बघतात. उसाच्या फडात आरसे टिकतात कुठं?

परीक्षा घेणारे सूर्यभान साहेब ओरडले, "दार लावा. पुन्हा उघडलं तर बाद. आरशात बघून घ्या."

"सायेब, आरशाची सवय न्हाई मला."

मघापर्यंत ज्याला हसत होतो त्याच्यासाठी मी देव आठवायला लागलो.

त्यानं दार लावलं. काच खाली घेऊन हात बाहेर काढला आणि आरसा वाकवला, इतका, की त्यात फक्त मागचं चाक दिसावं. अशाच एका मागच्या चाकावर नजर ठेवून त्यानं पंधरा हंगाम उसाची ट्रॉली बांधावरून मागं घेतली होती. तिलाही स्टिअरिंग उलटंच लागतं. पुढचं हातांनीच केलं. ट्रेलर खांबांच्या मधे जाऊन थांबला, दोन्हीकडं वीतभर जागा सोडून.

साहेबांनी वाकून अंतर बघितलं. "कुठं शिकलात?"

"फडात."

"सोमवारपासून या."

मी अशी शिट्टी मारली की गेटवरचा वॉचमन धावत आला. स्वतः बाद होऊन एवढा नाचणारा माणूस त्यानं पाहिला नसेल. मला खरंच फार आनंद झाला होता.

दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक ऊसतोडीची टोळी न्यायला गावात आला आणि सवयीनं गहिनीनाथच्या दारात हॉर्न वाजवू लागला. निकिता पुस्तक हातात घेऊनच बाहेर आली.

"आमी न्हाई येत औंदा," म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत अकरा दारांना कुलपं लागली. गहिनीनाथचं दार उघडं होतं.