नागोयाची खीर

पिंपरीहून निघालो त्या सकाळी पप्पांनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, वंदना झाली आणि मग त्यांनी माझी बॅग तिसऱ्यांदा काट्यावर ठेवली. लेथवर जन्म काढलेला माणूस; मापावर विश्वास, माणसांवर बेताचाच. त्यांचा कारखाना बंद पडला ते त्यांना गेटवरची नोटीस वाचून कळलं होतं. म्हणून दारातच म्हणाले, “जपानी कंपनी आहे. तिथं माणूस लागला की जन्माचा लागला. चिकटून राहा.” मी निघालो होतो अमेरिकेत, मिशिगनमधल्या तिच्या ऑफिसात, ॲन आर्बरला. पप्पांच्या लेखी मात्र मी जपानकडे, बुद्ध मानणाऱ्यांच्या देशाकडेच चाललो होतो, जरा लांबच्या वाटेनं.

चिकटून राहिलो. पुण्यात शिकलेल्या जपानीच्या जोरावर आठ वर्षं जपानी साहेब आणि अमेरिकन गिऱ्हाईक यांच्यामध्ये उभा राहिलो. आम्ही इंजिनाला पेट्रोल पुरवणारे पंप डिझाइन करायचो. माझ्याबरोबर इकडे आलेल्यांनो, तुम्ही दोन-दोनदा जॉब स्विच केलेत आणि मला हसलात. मीही मनात तुम्हाला हसत होतो, ते आज सांगून टाकतो.

माझे साहेब मोरिता-सान. वय सत्तावन्न, पस्तीस वर्षं एकच कंपनी, बायको नागोयात. लंचला ते जपानच्या बातम्या सांगायचे. “आमची पोरं आता राजीनामासुद्धा स्वतः देत नाहीत. एजन्सी लावतात. एजन्सी फोन करून सांगते, उद्यापासून हा येणार नाही. साहेबाला तोंडावर सांगायची हिंमत नाही!” आम्ही पोट धरून हसायचो.

मग वर्कशॉपमध्ये एक चिनी इलेक्ट्रिक गाडी आणून सुटी करण्यात आली. आमची चौथी मीटिंग होईतो तिकडे नवं मॉडेल रस्त्यावर येतं, असं सगळे म्हणत होते. तिच्यात आमचा पंप बसेल अशी जागाच नव्हती. इंजिनच नाही, तर पंप कशाला? मोरिता-सान तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आपल्या टेबलाशी गेले.

पानगळीच्या सुमाराला त्यांनी माझ्यापुढे कोरी वही ठेवली. म्हणाले, हिकित्सुगी लिहा. म्हणजे आपल्या जागी येणाऱ्यासाठी आपलं काम बारीकसारीक लिहून ठेवायचं. बदली झाली की जपानी माणूस ही वही लिहितो. मी हरखून विचारलं, “नागोया? हेड ऑफिस?” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “सो देसु ने...” हे ना हो असतं, ना नाही, बहुतेक वेळा नाहीच असतं. अमेरिकन गिऱ्हाइकांना हे आठ वर्षं मीच समजावत आलो होतो. स्वतःची वेळ आली तेव्हा मी त्याचा हो करून घेतला.

त्याच दिवशी घरी फोन करून सांगितलं, नागोयाला बदली होतेय. पप्पांनी पौर्णिमेला विहारात खीर वाटली.

तीन महिने मी वही लिहिली. कुठला आवाज आला तर कुठला भाग झिजलाय, कुठलं गिऱ्हाईक कशावर चिडतं, सगळं. जानेवारीत वही भरली आणि त्याच आठवड्यात, कधीही न पाहिलेल्या एका बाईनं स्क्रीनवरून सांगितलं की आमचं ऑफिस बंद होतंय. उरलंसुरलं काम चीनमधल्या शाखेकडे, वहीसकट. मोरिता-साननी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली होती. त्यात स्वेच्छा किती होती ते त्यांचं त्यांना ठाऊक. निघताना ते माझ्यापुढे कमरेत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. “मी तोंडावर सांगायला हवं होतं,” म्हणाले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण मला पप्पांना फोन करायचा होता.

तो फोन अजून झालेला नाही. म्हणजे फोन रोज होतो, तोही व्हिडिओवर. सकाळी आठला मी पडदे ओढून दिवा लावतो, कारण पप्पांच्या लेखी मी नागोयात पोचलोय आणि जपानात तेव्हा रात्र असते. “राहुल, तिथलं विहार पाहिलंस का?” पप्पा विचारतात. मी म्हणतो, रविवारी जाणार आहे. फोन ठेवला की पडदा सारतो. बाहेर मिशिगनचा बर्फ, विद्यार्थ्यांची बस. माझ्या वतीनं पप्पांना सांगेल अशी एजन्सी असती तर मी आजच लावली असती.

नोकरी गेल्यावर या व्हिसावर साठ दिवस मिळतात. एक्केचाळीस संपले. पंपवाला इंजिनिअर कुणाला नकोय. तुम्ही म्हणता, अरे, मग घरी जा ना यार, त्यात काय! जाणारच आहे, दुसरीकडे जाणार कुठे? काल पप्पा म्हणाले, “तुझं बरं झालं. आता मला कुठल्या गेटची भीती नाही.”

माझी नोकरी शाबूत असलेली जगात एकच जागा उरलीय, पिंपरीतलं आमचं घर. एकोणीस दिवसांनी मी तिथं बॅग घेऊन उतरेन.