पाहुण्यांची नावं

“आधी नावं सांगा, गाना मंग.” हळदीचं गाणं मागायला कुणी आलं की माझा मित्र चपला काढून तिथेच मांडी घालायचा आणि बोटं मोजायला घ्यायचा. मामा किती, आत्या किती, बेंजोवाला कोण. एखादं नाव राहिलं तर तो माणूस न जेवता उठून जातो, हे तुम्हीही मांडवात पाहिलं असेलच.

आम्ही दोघं पेणचे, रोह्याच्या एका कंपनीत एकाच शिफ्टला. कंपनीच्या बसमध्ये तो गाणी रचायचा आणि मी लिहून घ्यायचो, कारण त्याचं अक्षर त्याला स्वतःलाही लागत नसे. वीस वर्षं! खिडकीची जागा मात्र त्याची. वारा लागल्याशिवाय म्हणे चाल सुचत नाही.

मग त्याच्या गाण्यांच्या पुस्तकाला साहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला. एका थोर समीक्षकांनी लगेच लेख लिहिला, की हळदीत नाचायची गाणी म्हणजे साहित्य नव्हे. मी तो बसमध्ये मोठ्याने वाचून दाखवला.

“बराबर हाय,” तो म्हणाला. “बसून वाचायचीच नाय ती.”

सोहळा मुंबईला होता. त्याने विचारलं, “भाषनात काय करायचा असतो?”

“आभार मानायचे.”

“म्हंजे नावं घ्यायची. मंग सोपा हाय.”

आणि त्याने खरंच नावं घेतली. बसचा ड्रायव्हर, ढोलकीवाला, पहिली चाल शिकवणारी शेजारच्या जित्याची आत्या, कँटीनमध्ये त्याचा चहा झाकून ठेवणारा. शेवटी समोर बसलेल्या त्या समीक्षकांचंही. “पावना हाय, वगलायचा नाय.” समीक्षकांनी गोंधळून हात जोडले. मी नवा शर्ट घालून पाचव्या रांगेत मान ताठ करून बसलो होतो. टाळ्या पडल्या, तो खाली उतरला, माझं नाव काही आलं नाही.

खोटं कशाला बोलू, फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी बसमध्ये मागच्या बाकावर बसू लागलो. आठवडाभर गाणं नाही, बोलणं नाही. शेवटी त्याच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, जेवायला बोलावलं.

“भावजी, माजा तरी नाव कुठं घेतला?” त्या हसून म्हणाल्या.

त्याने भाकरीचं ताट माझ्यापुढे सरकवलं. “अरे, हलदीला घरच्यांची नावं गान्यात घेतात काय? पावन्यांची घेतात. घरचा मानूस वाढायला असतो.”

शेकडो गाणी मी या हाताने उतरवली होती. एकाही गाण्यात नवऱ्याच्या आईबापाचं नाव नव्हतं, आणि ते माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. काय कामाचं हे सुंदर अक्षर! डोळ्यांत पाणी आलं, तर ठसका लागला म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी तो गेला. पेणच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी आलेल्यांची नावं घेतली, ड्रायव्हरपासून त्या समीक्षकांपर्यंत. हो, तेही आले होते. मग खाली बसलो.

“अहो, त्यांचंच नाव राहिलं की!” आयोजक घाईघाईने म्हणाला.

पहिल्या रांगेत वहिनींनी पदराने डोळे टिपले. “ऱ्हाऊंदे,” त्या म्हणाल्या. “घरचा हाय तो.”