घरचा माणूस

हॉस्पिटलात दुर्बिणीने आतडं तपासायच्या खोलीबाहेर बसलेल्यांचं निम्मं भय मावशीच घालवायच्या. त्या नर्स नव्हत्या. पेशंटला गाऊन द्यायचा, कुशीवर वळवायचं, नातेवाइकांना बाकावर बसवायचं, हे त्यांचं काम. मोठ्या आतड्यात पॉलिप सापडला हे ऐकून कुणी पांढराफटक पडला, की मावशी शेजारी जाऊन उभ्या राहत. दहाजणांत तिघा-चौघांना निघतोच, म्हणत. आतून आलेली चामखीळ समजा. काढली, तपासायला पाठवली, विषय संपला. वर्षानुवर्षं त्या हेच सांगत आल्या होत्या आणि बहुतेक वेळा ते खरंच ठरत होतं.

म्हणूनच नवऱ्याला पॉलिप निघाला तेव्हा त्यांच्या काळजात काही हललं नाही. नवरा बसचा ड्रायव्हर. शौचातून रक्त जात होतं, ते त्याने मूळव्याधीच्या नावावर खपवलं होतं. मावशींनीच त्याला ओढून आणलं. पॉलिप मोठा आणि पसरट होता, तुकड्यातुकड्यांनी काढावा लागला. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेला लागलेला होता. मुळाशी काही उरलंय का ते सहा महिन्यांच्या आत परत बघायचं, असं डॉक्टरांनी बजावलं.

घरी तो मुलीला म्हणाला, "तुझ्या आईच्या दुकानातला माल. घरपोच मिळाला." तिघंही हसली.

विभागात एक रीत होती. यादी भरली आणि एखादा अडलेला पेशंट आला, की स्टाफच्या घरच्यांचा नंबर मागे जायचा. घरचंच माणूस, कधीही घेता येईल. सक्ती कुणी करत नसे. मावशींनी आपणहून नवऱ्याची तारीख सोडली, एका रडणाऱ्या म्हातारीसाठी. मग पुन्हा एकदा, लांबून आलेल्या एका शिक्षकासाठी. नवऱ्याने तर हात जोडले. तपासणीआधी पोट साफ करायचं ते खारट पाणी ढोसून संडासाच्या खेपा घालण्यातून त्याची सुटका झाली होती. तिसऱ्यांदा काय कारण झालं, ते मावशींना आता आठवतही नव्हतं. वर्ष उलटून गेलं.

आज तो आत होता आणि त्या बाहेर. नर्सने त्यांना दारातच थांबवलं. आज तुम्ही नातेवाईक, म्हणाली. बाकावर टेकल्यावर मावशींना कळलं, की तिथून दार दिसतच नाही. समोर नुसती भिंत.

शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, "आई, दहातल्या तिघा-चौघांना असतोच ना? तूच म्हणतेस."

त्यांनी मान हलवली. त्यांनी धीर दिलेल्या बहुतेक माणसांचे पॉलिप वेळेवर काढले गेले होते. मुलीला त्यांनी पाणी आणायला पाठवलं.

डॉक्टर बाहेर आले. नुसता पॉलिप असला, तर ते उभ्याउभ्याच सांगून मोकळे होत, हातमोजे काढता काढता. आज ते येऊन बाकावर बसले. मावशींना आणखी ऐकायची गरज उरली नाही. तरी ते बोलत राहिले. जुन्या जागी गाठ झालीय, कडक लागतेय, तुकडा पाठवलाय, पण रिपोर्टची वाट न बघता स्कॅन करून घेऊ. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मावशी, मागच्या वर्षीच का नाही आणलंत?"

यादी रोज मावशींच्याच डोळ्यांखालून जात होती.

आत नवरा गुंगीतून बाहेर येत होता. गाऊनची नाडी सुटली होती. त्यांनी ती बांधली.

"निघाला का गं परत?" त्याने विचारलं. "चामखीळच ना?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "या वेळी ती नाही."

तो छताकडे बघत राहिला.

"तुमची तारीख मी सोडत गेले," त्या म्हणाल्या. "एकदा नाही."

"माहीत आहे. मी खूश व्हायचो." त्याने डोळे मिटले. "पोरीला तू सांग. मला नाही जमायचं."

बाहेर मुलीच्या चपलांचा आवाज आला. मावशींनी खाटेची दांडी घट्ट धरली.