दोनदा वाजलेली भिंत

गेल्या रविवारी आईचं कपाट आवरताना तळाशी एक गंजलेली किल्ली सापडली. दोऱ्याला पुठ्ठ्याचा तुकडा आणि त्यावर बाबांच्या अक्षरात '२०४'... भरदुपारी अंगावर काटा आला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नववीत होते. गिरगावातल्या चाळीतली खोली सोडून आम्ही वसई पूर्वेला, गोखिवऱ्याच्या पुढे, अगदी डोंगराच्या पायथ्याशी नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. बाबा जाम खूश होते. दोन खोल्या, घरातच संडास आणि खिडकीत डोंगर! मला सायकल मिळाली होती, त्यामुळे माझीही तक्रार नव्हती.

आईचं मात्र बिनसलं. लोकांनी फ्लॅट घेऊन ठेवले होते, राहायला कोणी आलं नव्हतं. आमच्या मजल्यावर तर आम्हीच... बाकी सगळी कुलपं. सकाळी डोंगराआडून ऊन यायलाच उशीर व्हायचा, आणि दुपारी इतकं सामसूम की गच्चीवरच्या टाकीत पाणी पडलं तरी खाली ऐकू यायचं.

चाळीत आई आणि शेजारच्या सुमनमावशीची एक पद्धत होती. दुपारी तीनला जिचा चहा आधी होईल तिने मधली भिंत दोनदा वाजवायची. म्हणजे, चहा टाकलाय, ये. पलीकडून एकदा वाजलं की समजायचं, आले! वर्षानुवर्षं हे चाललं होतं, भांडण झालं असेल त्या दिवशीसुद्धा.

नव्या घरात पहिल्याच आठवड्यात आईने चहा टाकला आणि सवयीने भिंत दोनदा वाजवली. मग स्वतःच हसली. दुसऱ्या दिवशीही वाजवली... पण हसली नाही. नंतर नंतर तर वाजवून झाल्यावर भिंतीवर हात ठेवून तशीच उभी राहायची. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. एक दिवस पलंगाखाली तिची भरलेली बॅग दिसली. दिवाळी झाली की मामाकडे गिरगावात जाणार आणि परत येणार नाही, असं तिने बाबांना सांगून टाकलं होतं.

मी हादरले. भिंतीपलीकडचा फ्लॅट म्हणजे २०४. मालक दादरला राहायचे आणि किल्ली आमच्याकडे ठेवलेली होती. माझी शाळा सकाळची. एके दिवशी तीन वाजायच्या आधी 'सायकल चालवून येते' म्हणून निघाले आणि गुपचूप २०४ मध्ये शिरले.

आत कच्च्या सिमेंटचा वास. खिडक्यांना पेपर चिकटवलेले, त्यामुळे सगळा उजेड पिवळा. पलीकडून दोनदा वाजलं. मी श्वास रोखून एकदा वाजवलं आणि धूम ठोकली.

घरी आले तर आई चहा पीत बसली होती. चक्क काहीतरी गुणगुणत होती! मग रोजच सुरू झालं. महिनाभर. आई थोडी थोडी जेवायला लागली, पण बॅग काही पलंगाखालून हलली नाही.

त्या दिवशी गॅदरिंगची प्रॅक्टिस होती म्हणून मी पाचपर्यंत शाळेतच होते. आदल्या दिवशी २०४ ची किल्ली जागेवर ठेवायची विसरले होते. ती दिवसभर माझ्या कंपासपेटीत होती, मी दोनदा हात लावून पाहिली होती.

घरी आले तर दार सताड उघडं. ओट्यावर चहाचं भांडं कोरडं, गॅस पेटवलेलाच नव्हता. आई नाही. शेजारी २०४ ला कुलूप तसंच. मी हाका मारत खाली धावले.

बिल्डिंगच्या मागे भीमाबाईंचं जुनं कौलारू घर होतं. डोंगराच्या पायथ्याला त्यांचा भाजीचा मळा. आई त्यांच्या ओटीवर बसली होती, अनवाणी, हातात पाण्याचा तांब्या. "तुजी आय धावत आली गो," भीमाबाई म्हणाल्या, "पायात चप्पल नाय. म्हटलं, पानी पी आदी, मंग सांग."

आई माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "आज मी वाजवलंच नव्हतं गं... तिकडूनच दोनदा वाजलं."

दुसऱ्या दिवशी बाबांनी २०४ उघडला. धुळीत दारापासून भिंतीपर्यंत फक्त माझ्या स्लिपरचे ठसे. "प्लंबर येऊन गेला असेल," बाबा म्हणाले. आणि आवाज म्हणे पाइपातल्या हवेचा.

पण त्या दिवसापासून आई रोज तीनला भीमाबाईंच्या ओटीवर जायला लागली. दिवाळीत बॅग रिकामी झाली. दोघींची पंचवीस वर्षं मैत्री टिकली, भीमाबाई गेल्या तेव्हा आई बहीण गेल्यासारखी रडली. भीमाबाई मात्र आमचा जिना कधीही चढल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणायच्या... डोंगर रोज चढायच्या!

तर रविवारी किल्ली आईच्या हातात दिली आणि एवढ्या वर्षांनी कबूल केलं. आई हसली. "ती तू असायचीस हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. वाजवून लगेच पळायचीस, तुझ्या हाताला घाई असायची. तुला बरं वाटावं म्हणून मी चहा प्यायचे."

मी म्हटलं, मग त्या दिवशीही मीच असेन असं का नाही वाटलं तुला?

आईने किल्ली माझ्या हातात परत ठेवली. "त्या हाताला घाई नव्हती गं."

कोण होतं, मला माहीत नाही. मी जे महिनाभर करू शकले नाही ते त्याने एका दुपारी केलं, माझ्या आईला घराबाहेर काढलं. जे कोणी असाल त्यांचे मनापासून आभार... फक्त पुन्हा वाजवू नका. आई अजून त्याच घरात राहते.