आईच्या शब्दावर भरलेला टॅक्स

आमच्या वस्तीचा मेंबर दर राखीला आईकडे यायचा. सख्खा नव्हता, पण आई त्याला भाऊ मानायची. त्याच्या इलेक्शनला तिनं बिड्या वळणं सोडून घरोघरी चकरा मारल्या होत्या. तेव्हा, सत्तर सालच्या आसपास, लकडगंजच्या मागे आमच्या गल्लीत नळ नव्हता. एक विहीर होती, तीही उन्हाळ्यात कोरडी.

एका राखीला जेवता जेवता तो म्हणाला, "ताई, तुमच्या गल्लीत कोनी घरटॅक्सच नाही भरून राहिलं. मंग मी नळ कोन्त्या तोंडानं मागू? सगळ्याहीची नावं लावून द्या, नळाचं माह्याकडं लागलं."

आईला वाटलं, झालंच काम. गल्ली मात्र टॅक्सच्या नावानं बिचकायची. शेजारची काकू आणि आई एका ताटात जेवणाऱ्या, पण तीसुद्धा म्हणाली, "काहून भरायचा वं? त्याहीचे बंगले बांधाले?" आई तिच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसली. "माह्यासाठी भर वं बाई. भाऊ शब्द फिरवनारा नाही." काकूनं पायातले तोडे विकून टॅक्स भरला. तिनं भरला म्हणून गल्लीनं भरला.

दिवाळीनंतर चौकात खोदकाम निघालं. पाइप आला. त्याच्या टोकाशी गोल हौद बांधायला घेतला, तेव्हा बाया हरखल्याच. चारी बाजूंनी तोट्या बसणार, कोण कुठल्या बाजूला उभी राहणार, यावरून चक्क भांडणं झाली. हौद कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात!

उद्घाटनाला मेंबरनं आईलाच बोलावलं. ती ठेवणीतलं लुगडं नेसली. मागे अख्खी गल्ली पाण्याचे पितळी गुंड, बादल्या घेऊन, काकू सगळ्यांत पुढे. मंडप, लाउडस्पीकर, हारतुरे. मेंबरनं आईच्या हातून बटण दाबवलं.

हौदाच्या मधून पाणी उसळलं, वर गेलं आणि हौदातच पडलं. खाली लाल-हिरवे दिवे लागले. कारंजं! तोटी एक नाही. खुर्च्यांवरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. काकूनं तरीही आपला गुंड बुडवला, तर पोलीस ओरडला, "ओ बाई, परे हटो!"

आई म्हणाली, "भाऊ, नळ?"

"ताई, चौक कसा दिसून राहिला ते तं पाहा! तुमच्या टॅक्सातूनच झालं हे. नळाचं पाहू पुढच्या बजेटात."

हसला मेला! अजून ते हसू आठवलं की माझं डोकं फिरतं. ज्या घरचं खाल्लं त्याच घराच्या तोंडाला पानं पुसली. आणि तीही तिच्याच हातानं बटण दाबवून घेऊन. आई घरी आली आणि लुगडं न बदलता तशीच भिंतीला टेकून बसली.

पुढच्या वर्षी टॅक्स वाढून आला. वसुलीवाला म्हणाला, कारंज्याचा खर्च आहे. कारंजं तोवर बंद पडून हौदात डास झाले होते. काकू आमच्या घरात आली. आपला टॅक्सचा कागद तिनं आईच्या मांडीवर टाकला. "भर," एवढंच म्हणाली आणि गेली.

आईनं तो भरला. त्या वर्षी आणि पुढची कितीतरी वर्षं, आपल्या टॅक्सबरोबर काकूचाही. काकू मात्र मरेपर्यंत आईशी बोलली नाही.